पालकांची पत्रे : मुलांच्या हालचालींची पारख

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘केव्हा’ हा शब्द आहे. बाळाने मान केव्हा धरावी, पालथे केव्हा पडावे, पहिले पाऊल केव्हा टाकावे, असे हे प्रश्न आहेत. मान धरणे, बसणे, चालणे ही स्थूल कारक कौशल्ये होत, तर चिमटीत वस्तू उचलणे, बटण लावणे, रेघ ओढणे ही सूक्ष्म कारक कौशल्ये होत. त्यांची तपासणी करताना तारखेइतकेच, किंबहुना तारखेहून अधिक, मूल ती कृती कशी करते याकडे पाहावे लागते. पुढील पाच पत्रे त्याच दृष्टीने निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी साडेदहा महिन्यांची आहे. ती सातव्या महिन्यात बसू लागली, पण रांगत नाही. बसल्या जागेवरून ढुंगणावर सरकत सरकत खेळण्यापर्यंत पोहोचते. शेजारची मुलगी तिच्याहून पंधरा दिवसांनी लहान असून पलंगाला धरून चालते. जे मूल रांगत नाही ते पुढे अभ्यासात कच्चे राहते, असे सासूबाई म्हणतात. जाऊबाईंनी वॉकर आणून दिला आहे. काय करावे? — एक माता, कराड

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून काळजीचे कारण दिसत नाही. तरीही दोन-तीन गोष्टी आपण स्वतः पाहून घ्याव्यात. त्या पुढे सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील आठशेहून अधिक निरोगी बालकांचे महिनोन्‌महिने निरीक्षण करून सहा स्थूल कौशल्यांच्या वयोमर्यादा २००६ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतील भारतीय बालके दिल्लीची होती. त्यानुसार आधाराविना बसण्याची मर्यादा ३.८ ते ९.२ महिने, हातागुडघ्यांवर रांगण्याची ५.२ ते १३.५ महिने आणि आधाराविना चालण्याची ८.२ ते १७.६ महिने अशी आहे. म्हणजे चालण्याच्या बाबतीत दोन पूर्णपणे निरोगी मुलांमध्येसुद्धा नऊ महिन्यांचे अंतर पडू शकते, आणि शेजारच्या मुलीशी केलेल्या तुलनेला तेवढ्यापुरता काही अर्थ उरत नाही. याच अभ्यासात ४.३ टक्के बालके हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तर २०२२ मध्ये आपली विकासटप्प्यांची यादी सुधारताना रांगणे हा टप्पाच वगळला. तेव्हा अभ्यासात कच्चे राहण्याची सासूबाईंची भीती मनातून काढून टाकावी. मात्र त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा : त्यांचे चिरंजीव, म्हणजे आपले यजमान, लहानपणी कसे सरकत होते? ढुंगणावर सरकणारी मुले पुष्कळदा एकाच घराण्यात आढळतात, आणि अशी मुले इतरांपेक्षा थोडी उशिरा चालू लागतात, हे आधीच ठाऊक असले की पुढचे सहा महिने सुखाने जातात.

आता पाहावयाच्या गोष्टी. मुलीला बगलेत धरून उभी करा. सरकणारी मुले अशा वेळी पाय जमिनीला न टेकवता वर उचलून धरतात, जणू हवेतच मांडी घालून बसली आहेत. त्यात विशेष काही नाही. परंतु पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, टाचा वर राहून केवळ चवडे टेकत असतील किंवा पाय अगदी लुळे पडत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. दुसरे असे की सरकताना ती दोन्ही हातांचा आणि दोन्ही पायांचा सारखाच उपयोग करते का, हे पाहावे. एकच हात टेकून आणि एकाच पायाने रेटा देऊन शरीर ओढत असेल, तर ती सरकण्याची निराळी तऱ्हा म्हणून सोडून देऊ नये. तिसरे, वर्ष पूर्ण होईपर्यंत ती पायांवर भार घेऊ लागली नाही, किंवा अठरा महिन्यांपर्यंत स्वतंत्रपणे चालली नाही, तर तपासणी करून घ्यावी.

वॉकर मात्र परत करावा. त्यात मूल बसलेल्या अवस्थेत लटकते, चवड्यांनी जमीन ढकलते आणि तोल सांभाळण्याचे काम त्याच्या वाट्याला येतच नाही. शिवाय जिना, न्हाणीघर आणि चुलीजवळची जागा येथे ते क्षणात पोहोचते. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडचा जुना लाकडी पांगुळगाडा या जातीतला नव्हे. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते, दांड्याला धरून पाऊल टाकते, आणि थकले की बुडावर बसते. तो हलका असून फार वेगाने पुढे पळत असेल तर त्यात चार पुस्तके ठेवावीत. तरीही तो घेऊन येण्याची घाई नको. तूर्त सतरंजी, हाताशी येईल असा बुटका पाट आणि मोकळी जमीन एवढे पुरे आहे.

प्रश्न : माझा नातू आठ महिन्यांचा आहे. बसतो, हसतो, आवाज दिला की वळून पाहतो. तो प्रत्येक वस्तू डाव्या हातानेच घेतो. आमच्या घरात कोणी डावखुरे नाही. सून म्हणते कौतुक आहे, माझ्या पत्नीला वाटते सवय मोडावी. आपले मत काय? — एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : आपल्या पत्राला मी लगेच टपालाने उत्तर पाठवले आहे, येथे ते इतर वाचकांसाठी पुन्हा देत आहे, कारण या महिन्यातील पत्रांत सर्वांत आधी लक्ष द्यावे असे पत्र हेच आहे. वयाच्या तक्त्यावर ठेवले तर आपला नातू कुठेही मागे नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट नजरेतून निसटण्याचा धोका अधिक आहे.

मुलाचा उजवा-डावा हात साधारणपणे दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ठरतो. वर्षाच्या आतील बाळाने दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरले पाहिजेत. आठव्या महिन्यात बाळ नेहमी डावा हातच पुढे करत असेल, तर ‘डावा हात का?’ असा प्रश्न करण्याऐवजी ‘उजवा हात का नाही?’ असा प्रश्न करावयास हवा. मेंदूच्या एका बाजूला इजा झाल्यामुळे शरीराची विरुद्ध बाजू दुबळी किंवा ताठर राहणे, अथवा बाळंतपणात खांद्याजवळच्या नसांना ताण बसून तो हात अशक्त होणे, ही त्यामागची दोन महत्त्वाची कारणे होत. दोन्ही नसतीलही, पण ते तपासणीनंतर म्हणावयाचे.

घरी करून पाहण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे. बाळ जागे आणि खुशीत असताना त्याच्या चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकावा. या वयाचे बाळ तो ओढून काढते. पहिल्यांदा तसेच पाहावे, नंतर त्याचा डावा हात हळूच धरून ठेवावा आणि उजवा हात वर येतो का, आला तर किती सहज येतो, बोटे उघडतात की मूठच रुमालावर घासली जाते, हे पाहावे. अंगठा तळव्यात दडवून मूठ आवळलेली राहते का, कपडे घालताना उजवा कोपर आखडतो का, लंगोट बदलताना उजवा पाय डाव्याइतका मोकळा फाकतो का, हेही पाहावे. आंघोळ घालणाऱ्या बाईंना अवश्य विचारा. तेलाच्या हाताला हा फरक डॉक्टरांच्या आधी कळलेला असतो आणि तो त्यांना कोणी विचारलेला नसतो.

सवय मोडण्याचा प्रयत्न कृपया करू नये. दुबळ्या हाताला काम मिळावे म्हणून चांगला हात काही काळ बांधून ठेवण्याची उपचारपद्धती आहे. परंतु ती निदान झाल्यावर, ठरावीक वेळेपुरती आणि थेरपिस्टच्या देखरेखीखाली करावयाची असते. आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. खर्चाचा प्रश्न असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा उपयोग करावा. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मजात दोष, जीवनसत्त्वादींची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चारही बाबींची तपासणी व पुढील उपचार विनामूल्य आहेत, आणि तपासणीनंतर पुढे पाठवलेल्या मुलांसाठी जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. आपल्या भागातील आशाताई किंवा अंगणवाडी सेविका या कार्यक्रमाच्या तपासणी पथकाशी गाठ घालून देतील. लहान वयात मेंदू नव्या वाटा काढू शकतो; म्हणून ‘वर्षाचा होऊ द्या, मग पाहू’ हा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये.

प्रश्न : आमची जुळी मुले एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. आता आठ महिन्यांची आहेत. एक उशीला टेकून बसतो, दुसरा तेवढेही बसत नाही. — एक पिता, नाशिक

उत्तर : पूर्ण दिवसांचे बाळंतपण चाळीस आठवड्यांचे धरले तर आपली मुले नऊ आठवडे आधी आली. विकासाचा हिशेब करताना हे नऊ आठवडे वयातून वजा करावयाचे असतात, आणि हा दुरुस्त वयाचा हिशेब दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावयाचा असतो. म्हणजे आपली मुले आज सुमारे सहा महिन्यांची आहेत आणि सहाव्या महिन्यात आधाराविना न बसणे हे सर्वसाधारण मर्यादेत आहे. (लसीकरणासाठी मात्र वजाबाकी करू नये, लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यावयाच्या असतात. या दोन हिशेबांची गल्लत अनेक सुशिक्षित घरांतही होते.)

असे असले तरी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना केवळ वजाबाकीच्या भरवशावर ठेवू नये. त्यांची ठरलेल्या तारखांना पाठपुरावा तपासणी व्हावी. तीत डॉक्टर बाळाचे पाय फाकवून, गुडघा सरळ करून, हात छातीवरून पलीकडे नेऊन निरनिराळे कोन मोजतात आणि त्यावरून स्नायूंचा ताण वाजवीपेक्षा अधिक आहे की कमी, हे ठरवतात. बाळ काय करते याच्या आधी ही खूण दिसू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा त्यांच्या तारुण्यापर्यंत पाठपुरावा केला. दोन वर्षांची झाली म्हणून काम संपले असे मानले नाही. आपणही शाळेची पहिली दोन-तीन वर्षे लक्ष ठेवावे. दोघांची आपापसांत तुलना मात्र शक्यतो करू नये, जरी ती टाळणे किती अवघड आहे हे मी जाणतो.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. माता व बाल संरक्षण कार्डावरील विकासाचे टप्पे मला पाहावे लागतात. मुले माझ्यासमोर काही करत नाहीत, रडतात. आई म्हणते, ‘घरी सगळे करतो.’ मग काय लिहावे? आणि या तपासणीवरून मूल मागे आहे असे मी सांगू शकते का? — नंदुरबार जिल्हा

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो. आपण करता ती चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत अडकलेले प्रत्येक मूल मागे असतेच असे नाही; त्याला पुढच्या तपासणीला पाठवावयाचे, एवढाच तिचा अर्थ. म्हणून आईला ‘तुमचे मूल मागे आहे’ असे सांगू नये. ‘ही एक गोष्ट डॉक्टरांनी पाहिलेली बरी’ असे सांगावे.

चाळणीचे एक सुटसुटीत साधन आपल्याच देशात तयार झालेले आहे. तिरुवनंतपुरम येथील बालविकास केंद्राने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या सतरा कृतींचा एक तक्ता केला आहे. प्रत्येक कृतीसाठी एक आडवी पट्टी असते; तिचे डावे टोक म्हणजे ज्या वयात शंभरातील तीन मुले ती कृती करतात ते वय, आणि उजवे टोक म्हणजे ज्या वयात सत्त्याण्णव मुले करतात ते वय. मुलाच्या वयाच्या खुणेवर पेन्सिल उभी धरावयाची. जी पट्टी पूर्णपणे पेन्सिलीच्या डावीकडे आहे, ती कृती मुलाला आली पाहिजे. न आल्यास पुढे पाठवावयाचे. याच्या पुढची पायरी म्हणजे तज्ज्ञांनी करावयाचे सविस्तर मापन. त्यासाठी प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील बालकांच्या अभ्यासातून तयार केलेली भारतीय शिशूंसाठीची मापनश्रेणी आजही वापरली जाते. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी तीत ६७ कारक आणि १६३ मानसिक कृती आहेत. त्यांवरून मुलाचे कारक वय निघते; त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की विकासगुणांक मिळतो, आणि तो सत्तरच्या खाली असल्यास विलंब मानतात. हे काम प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीचेच आहे.

आता रडणाऱ्या मुलाविषयी. तपासणी बिघडते ती बहुधा मुलामुळे नव्हे, वेळ आणि जागा चुकल्यामुळे. भुकेले, पेंगुळलेले किंवा नुकतेच वजनकाट्यावर चढवलेले मूल काहीही करून दाखवणार नाही. आईला खाली सतरंजीवर बसवा, मूल तिच्या मांडीवर असू द्या आणि पहिली पाच मिनिटे मुलाकडे पाहूच नका, आईशी बोला. बोलता बोलता एक चुरमुरा मुलासमोर ठेवा. सात महिन्यांचे मूल तो सगळ्या पंजाने खरवडून गोळा करू पाहते. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनीची बाजू यांमध्ये तो कसाबसा अडकतो. वर्षाच्या सुमारास अंगठ्याचे आणि तर्जनीचे टोक एकमेकांना भेटते आणि चुरमुरा न चुरडता उचलला जातो. संक्रांतीच्या दिवसांत एखाद्या घरी बोरन्हाण असेल तर जरूर जावे. अंगावरून सांडलेले चुरमुरे आणि हलवा वेचताना वर्षाच्या आतबाहेरची चार मुले चार प्रकारची चिमूट दाखवतात, आणि कोणाला आपली तपासणी चालली आहे याचा पत्ताही नसतो. (बोरे आणि शेंगदाणे एवढ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, ते घशात अडकतात.) थोड्या मोठ्या मुलांसाठी इंचभर लांबी-रुंदीचे लाकडी ठोकळे ठेवावेत. साधारण दीड वर्षाचे मूल तिनांचा, दोन वर्षांचे सहांचा आणि तीन वर्षांचे नऊ ठोकळ्यांचा मनोरा रचते. किती ठोकळे झाले हे मोजताना ठोकळा ठेवताना हात थरथरतो का, आणि दुसरा हात मदतीला येतो का, तेही टिपावे.

आईला विचारण्याची रीतही थोडी बदलून पाहावी. ‘तो बसतो का?’ याचे उत्तर ‘हो’ असेच येणार. ‘बसवल्यावर तो काय करतो, हात कुठे असतात, पडायला लागला तर काय होते?’ असे विचारले की खरे चित्र समोर येते. आईच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा. मात्र नोंदीत ‘पाहिले’ आणि ‘आईने सांगितले’ हे वेगळे लिहावे, आणि जे पाहिले नाही ते पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करणाऱ्या पथकाला अशी वही मिळाली तर त्यांचे निम्मे काम होते. एका बाबतीत मात्र पंधरा दिवसही थांबू नये : येत असलेली गोष्ट मूल विसरले, म्हणजे चालत होते ते चालेनासे झाले किंवा बसत होते ते पडू लागले, तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

प्रश्न : माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा असून ज्युनियर केजीत आहे. शाळेतून सतत तक्रार येते की त्याची अक्षरे ओळीत बसत नाहीत, पेन्सिल नीट धरत नाही, घरी रोज एक पान गिरवून घ्या. गिरवताना तो रडतो. तसा तो थोडा आळशीच आहे. जमिनीवरून उठतानासुद्धा गुडघ्यांवर हात टेकून म्हाताऱ्यासारखा उठतो, जिन्यावर कडेवर घ्या म्हणतो. अक्षर सुधारण्यासाठी काय करावे? — एक पिता, डोंबिवली

उत्तर : अक्षराचे सांगतो, पण त्याला फार जागा देत नाही. मूल साधारणपणे तिसऱ्या वर्षी पाहून वर्तुळ काढते, चौथ्या वर्षी अधिकची खूण, साडेचारच्या सुमारास चौकोन आणि पाचव्या वर्षी त्रिकोण. ज्या हाताला अजून चौकोनाचे कोपरे धड जमण्याचे वय आलेले नाही, त्याच्याकडून ‘अ’ आणि ‘क्ष’ दोन रेघांत बसवून घेणे हा शाळेचा उतावळेपणा आहे. रोजचे पान बंद करावे. कणकेचा गोळा, मटाराच्या शेंगा सोलणे, कपड्यांना चिमटे लावणे एवढे वर्षभर पुरेल.

आपण जी गोष्ट जाता जाता लिहिली आहे, ती मात्र मला आळसाची वाटत नाही. सव्वाचार वर्षांच्या मुलाने मांडी मोडून सरळ उठावयास हवे आणि जिना एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकत चढावयास हवा. जे मूल आधी ओणवे होते, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभे राहते, त्याच्या कंबरेचे आणि मांड्यांचे स्नायू दुबळे आहेत असा त्याचा अर्थ होतो. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेनेही असे होऊ शकते. मुलग्यांमध्ये काही आनुवंशिक स्नायुविकारांची ही ठळक खूण असते, आणि त्यांत पोटऱ्या अनेकदा भरदार दिसत असल्याने मूल सुदृढ आहे असेच घरच्यांना वाटते.

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि सीपीके या रक्ततपासणीविषयी विचारावे. ती साधी तपासणी असून तीत स्नायूंतील एका द्रव्याचे रक्तातील प्रमाण मोजतात; स्नायूंना इजा होत असेल तर ते खूप वाढलेले दिसते. आधी कधी यकृतासाठीच्या रक्ततपासणीत एसजीओटी, एसजीपीटी ही द्रव्ये वाढलेली आढळून ‘यकृताला सूज आहे’ असे सांगितले गेले असेल तर तो कागदही बरोबर न्यावा, कारण ही द्रव्ये स्नायूंतूनही रक्तात येतात. घरात आणखी मूल होऊ देण्याचा विचार असेल तर निदान पक्के होईपर्यंत थांबणे श्रेयस्कर. कॅल्शियमच्या बाटल्या, ताकदीची चूर्णे आणि जिना चढण्याची सक्ती या तिन्ही गोष्टी तूर्त नकोत.

दवाखान्यात मुले घाबरून आईला बिलगतात आणि उठून दाखवत नाहीत. म्हणून आज संध्याकाळी तो खेळत असताना मोबाइल जमिनीलगत, त्याच्या बाजूला धरून, बसल्यापासून पूर्ण उभा राहीपर्यंतचे चित्रण करून ठेवावे. पायांत चड्डी असावी, म्हणजे गुडघे आणि मांड्या दिसतील. जिना चढतानाचे दुसरे चित्रण घ्यावे, आणि ‘अक्षर वाईट आहे’ असे सांगण्याआधी डॉक्टरांना ही दोन्ही दाखवावीत.